‘काहीतरी चुकले’ एवढे पुरेसे नाही : वेब एपीआयमधील त्रुटी-संदेशांची रचना

जवळा बाजार (जि. हिंगोली), प्रतिनिधी : हळद आणि सोयाबीन पिकविणाऱ्या हिंगोली जिल्ह्यात, औंढा नागनाथ तालुक्यातील जवळा बाजारसारख्या बाजारपेठेच्या गावातही आता अनेक व्यवहार मोबाइलच्या पडद्यावरून होतात. बाजारभाव पाहणे, ई-पीक पाहणीची नोंद करणे, पीएम-किसानची ई-केवायसी, रेशन दुकानातील ई-पॉस यंत्रावर अंगठा देणे, यूपीआयने पैसे पाठविणे अशा प्रत्येक कामात पडद्यामागे एक संगणक दुसऱ्या संगणकाला प्रश्न विचारत असतो. उत्तर मिळाले तर काम होते. मिळाले नाही, तर पडद्यावर बहुधा एकच वाक्य उमटते : ‘काहीतरी चुकले, पुन्हा प्रयत्न करा.’

काय चुकले, कोणाकडून चुकले आणि पुन्हा प्रयत्न करून काही साधणार आहे का, यांपैकी एकाही प्रश्नाचे उत्तर या वाक्यात नसते. त्यापायी कोणाचा रेशन दुकानातील हेलपाटा वाया जातो, तर कोणी भाव न कळताच माल विकून मोकळा होतो. हे मोघम वाक्य यंत्राची मर्यादा म्हणून येते, असा सर्वसाधारण समज आहे. प्रत्यक्षात ती प्रणाली बनविणाऱ्याने त्या उत्तराकडे लक्ष दिलेले नसते, एवढेच. त्रुटीचे उत्तर कसे असावे आणि ते नेमके कोठे बदलावे, याची ही ओळख.

एपीआय आणि फ्रेमवर्क

एपीआय म्हणजे एका संगणक प्रणालीने दुसऱ्या प्रणालीसाठी उघडलेली खिडकी. सरकारी कार्यालयात ठरावीक नमुन्यातला अर्ज खिडकीवर दिला, की त्याचे उत्तर मिळते. येथेही ठरावीक नमुन्यात विनंती जाते आणि ठरावीक नमुन्यात उत्तर येते. आजकाल हे उत्तर बहुधा ‘जेसन’ या मजकूर-स्वरूपात असते.

अशी खिडकी प्रत्येक वेळी पायापासून बांधावी लागू नये म्हणून तयार सांगाडे उपलब्ध आहेत. त्यांना फ्रेमवर्क म्हणतात. पायथन भाषेतील जँगो रेस्ट फ्रेमवर्क व फास्टएपीआय, जावातील स्प्रिंग, जावास्क्रिप्टमधील एक्स्प्रेस, पीएचपीतील लारावेल आणि मायक्रोसॉफ्टचे एएसपी डॉट नेट कोअर ही त्यांतील परिचित नावे. यांपैकी प्रत्येकात त्रुटीचे एक तयार उत्तर आधीपासून असते. ते इंग्रजीत असते आणि मुख्यतः प्रोग्रामरला उद्देशून लिहिलेले असते. अडचण अशी, की ते जसेच्या तसे सामान्य माणसाच्या पडद्यापर्यंत पोहोचते, किंवा मोबाइल ॲप बनविणारा ते गाळून टाकतो आणि त्या जागी ‘काहीतरी चुकले’ लिहितो.

तीन अंकांची भाषा

इंटरनेटवरील प्रत्येक उत्तरासोबत तीन अंकी स्थिती-क्रमांक येतो. हे क्रमांक एचटीटीपी या संपर्क-नियमावलीचा भाग आहेत. नियमावलीची १.० ही आवृत्ती १९९६ मध्ये दस्तऐवजाच्या रूपात प्रसिद्ध झाली. सध्या प्रमाण मानला जाणारा दस्तऐवज, आरएफसी ९११०, जून २०२२ मधील आहे.

क्रमांकातील पहिला अंक सर्वांत महत्त्वाचा. २ म्हणजे काम झाले. ३ म्हणजे दुसऱ्या पत्त्यावर जा. ४ म्हणजे विनंती करणाऱ्याच्या बाजूने काही चुकले. ५ म्हणजे उत्तर देणाऱ्या सर्व्हरच्या बाजूने काही बिघडले. ४०० म्हणजे विनंतीच चुकीच्या नमुन्यात आहे. ४०१ म्हणजे आधी ओळख पटवा. ४०३ म्हणजे ओळख पटली, पण परवानगी नाही. ४०४ म्हणजे मागितलेली गोष्ट सापडली नाही. ४२२ म्हणजे नमुना बरोबर, पण आतील मजकूर स्वीकारण्याजोगा नाही. २०१२ मध्ये अधिकृत झालेला ४२९ सांगतो, की आपण फार वेळा विचारत आहात, जरा थांबा. ५०० म्हणजे अनपेक्षित बिघाड, तर ५०३ म्हणजे सेवा तात्पुरती बंद.

चूक कोणाच्या बाजूची, हा भेद बँकिंग क्षेत्रानेही महत्त्वाचा मानला आहे. मुंबईत मुख्यालय असलेले भारतीय राष्ट्रीय देयक महामंडळ यूपीआयचे फसलेले व्यवहार ‘टेक्निकल डिक्लाइन’ आणि ‘बिझनेस डिक्लाइन’ अशा दोन गटांत मोजते. बँकेची वा महामंडळाची यंत्रणा किंवा नेटवर्क बंद पडले तर तो पहिला प्रकार. ग्राहकाने चुकीचा पिन दिला किंवा मर्यादा ओलांडली तर दुसरा. प्रणाली कोणतीही असो, तिच्या त्रुटी-उत्तराने सर्वप्रथम हेच स्पष्ट केले पाहिजे.

आवक नाही, की बाजारच सापडत नाही?

एक उदाहरण घेऊ. केंद्र सरकारच्या ‘ॲगमार्कनेट’ या यंत्रणेकडे देशभरातील बाजार समित्यांचे दैनंदिन भाव जमा होतात आणि सरकारच्या खुल्या माहितीच्या संकेतस्थळावरून ते एपीआयद्वारेही मिळतात. राज्य, जिल्हा, बाजार, शेतमाल, वाण, तारीख, किमान, कमाल आणि सर्वसाधारण भाव असे त्यातील रकाने. समजा, जिल्ह्यातील एखाद्या तरुणाने अशा माहितीच्या आधारे गावकऱ्यांसाठी बाजारभावाची स्वतंत्र सेवा उभारली आणि कोणी तिला जवळा बाजारातील सोयाबीनचा भाव विचारला. भाव मिळाला नाही, तर त्याची किमान चार वेगवेगळी कारणे संभवतात.

पहिले, त्या दिवशी बाजार बंद होता किंवा आवकच झाली नाही. ही त्रुटी नव्हेच. प्रश्न बरोबर होता आणि उत्तर ‘नोंद नाही’ असे आहे. येथे २०० हा क्रमांक, रिकामी यादी आणि शक्य असल्यास शेवटची नोंद कोणत्या तारखेची आहे हे द्यावे.

दुसरे, बाजाराचे नाव जुळले नाही. मराठी गावांची नावे इंग्रजी लिपीत अनेक प्रकारे लिहिली जातात. जवळामधील ‘ळ’ कोणी एका अक्षराने लिहितो, कोणी दुसऱ्या. शेजारच्या बसमतला कोणी वसमत म्हणतो. येथे ४०४ किंवा ४२२ क्रमांकासोबत मिळतीजुळती नावे सुचविणे योग्य.

तिसरे, तारीख उद्याची दिली गेली. येथे कोणत्या रकान्यात चूक आहे ते नेमके सांगावे.

चौथे, मूळ माहिती पुरविणारी यंत्रणाच प्रतिसाद देत नाही. येथे विचारणाऱ्याचा काहीच दोष नाही. ५०३ हा क्रमांक आणि त्यासोबत ‘रिट्राय-आफ्टर’ हे शीर्षक देता येते. किती सेकंदांनी किंवा कोणत्या वेळेनंतर पुन्हा विचारावे, हे त्यातून कळते.

या चारही प्रसंगी ‘माहिती उपलब्ध नाही’ असे एकच उत्तर दिले, तर यंत्रणा बंद असताना शेतकऱ्याला वाटेल, की आज बाजारात खरेदीच नाही. तो माल घरी ठेवेल किंवा दारात आलेल्या व्यापाऱ्याला सांगेल त्या भावाने देईल. संदेशातील संदिग्धतेची किंमत अशी रोखीत मोजावी लागते.

उत्तराचा प्रमाण साचा

स्थिती-क्रमांकाने चुकीचा प्रकार कळतो, तपशील नाही. तो कसा द्यावा याबद्दल प्रत्येक कंपनीची पद्धत वेगळी होती. त्यात एकवाक्यता यावी म्हणून मार्च २०१६ मध्ये आरएफसी ७८०७ हा प्रस्ताव प्रसिद्ध झाला. जुलै २०२३ मध्ये त्याची जागा आरएफसी ९४५७ ने घेतली. ‘प्रॉब्लेम डिटेल्स’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या साच्यात पाच रकाने आहेत. बाजारभावाच्या उदाहरणात ते असे भरता येतील :

टाइप : या प्रकारच्या त्रुटीची कायमची ओळख ठरणारा पत्ता
टायटल : बाजाराचे नाव सापडले नाही
स्टेटस : ४०४
डिटेल : ‘जवला बजार’ या नावाचा बाजार यादीत नाही. आपल्याला ‘जवळा बाजार’ अभिप्रेत आहे का?
इन्स्टन्स : नेमक्या याच घटनेची ओळख

पाचही रकाने ऐच्छिक आहेत आणि त्यांत स्वतःच्या रकान्यांची भर घालण्यास मुभा आहे. ‘टायटल’ एका प्रकारच्या सर्व त्रुटींना सारखेच असते. ‘डिटेल’ त्या प्रसंगापुरते असते. ‘डिटेल’ माणसाने वाचण्यासाठी आहे. मोबाइल ॲपने निर्णय घेताना त्यातील शब्द शोधू नयेत, तर ‘टाइप’ पाहावा, अशी अपेक्षा आहे. शब्द बदलले तरी ॲप मोडत नाही, हा त्याचा लाभ.

बदल कोठे करावा?

प्रत्येक ठिकाणी स्वतंत्रपणे त्रुटीचे उत्तर लिहू लागल्यास शंभर ठिकाणी शंभर प्रकार होतात. म्हणून बहुतेक फ्रेमवर्कमध्ये सर्व त्रुटी एका दारातून बाहेर काढण्याची सोय असते.

जँगो रेस्ट फ्रेमवर्कमध्ये सेटिंग्जमधील ‘एक्सेप्शन हँडलर’ या नोंदीत आपल्या फंक्शनचा पत्ता द्यावा लागतो. या फंक्शनला घडलेली त्रुटी आणि तिचा संदर्भ मिळतो. आधी मूळ हँडलरकडून तयार उत्तर घ्यावे आणि मग त्याला हवा तो आकार द्यावा, ही रूढ पद्धत. मात्र एक गोष्ट ध्यानात ठेवावी. ‘एक्सेप्शन’ म्हणून उचलल्या गेलेल्या त्रुटीच या दारातून जातात. व्ह्यूने स्वतःच ४०० क्रमांकाचे उत्तर परत केले, तर हे फंक्शन चालत नाही. तसेच, मूळ हँडलरला न ओळखता आलेल्या त्रुटीसाठी तो काहीच देत नाही. त्याचा विचार आपल्या फंक्शनमध्ये केलेला असावा.

फास्टएपीआयमध्ये विनंतीतील मजकूर चुकल्यास ४२२ क्रमांक आणि त्यासोबत कोणत्या रकान्यात कोणती चूक आहे याची यादी आपोआप येते. ती बदलण्यासाठी त्या प्रकारच्या त्रुटीचा स्वतंत्र हँडलर नोंदवावा लागतो. पत्ताच चुकल्यावर येणारे ४०४ उत्तर मात्र फास्टएपीआय ज्यावर उभे आहे त्या ‘स्टारलेट’कडून येते. म्हणून एचटीटीपी त्रुटींचा हँडलर स्टारलेटच्या वर्गासाठी नोंदविणे हिताचे. अन्यथा काही उत्तरे नव्या साच्यात आणि काही जुन्या साच्यात जातात.

स्प्रिंगमध्ये हे काम ‘रेस्ट कंट्रोलर ॲडव्हाइस’ ही खूण लावलेला वर्ग करतो. नोव्हेंबर २०२२ मध्ये आलेल्या सहाव्या आवृत्तीपासून ‘प्रॉब्लेम डिटेल’चा साचा स्प्रिंगमध्ये अंगभूत आहे. एक्स्प्रेसमध्ये चार घटक घेणारे फंक्शन त्रुटी हाताळते आणि ते सर्व मार्गांच्या शेवटी जोडावे लागते. चारऐवजी तीनच घटक लिहिले, तर एक्स्प्रेस त्याला त्रुटी हाताळणारे फंक्शन मानत नाही.

एवढे करूनही एक दार उरते. फ्रेमवर्कच्या पुढे बहुधा एंजिनएक्ससारखा वेब सर्व्हर उभा असतो. मागचा सर्व्हर बंद असल्यास ५०२ क्रमांकाचे उत्तर तोच देतो आणि ते जेसनऐवजी एचटीएमएल पानाच्या रूपात असते. जेसनची वाट पाहणारे ॲप त्यावर अडखळते. त्यामुळे पुढच्या सर्व्हरवरील त्रुटी-पानेही त्याच साच्यात आणणे आवश्यक ठरते.

‘आधार’चा धडा

त्रुटी-क्रमांकांचा सर्वसामान्यांच्या जगण्याशी किती जवळचा संबंध असतो, हे आधार प्रमाणीकरणाच्या एपीआयवरून दिसते. देशातील पहिले आधार क्रमांक महाराष्ट्रातच, नंदुरबार जिल्ह्यातील टेंभली येथे, २९ सप्टेंबर २०१० रोजी देण्यात आले. पुढे रेशनपासून निवृत्तिवेतनापर्यंत अनेक ठिकाणी ओळख पटविण्यासाठी हे एपीआय वापरात आले.

प्राधिकरणाने प्रसिद्ध केलेल्या तपशिलात प्रत्येक त्रुटीला क्रमांक आहे. ३०० म्हणजे बोटाचा ठसा वा अन्य जैविक माहिती जुळली नाही. ९९८ म्हणजे आधार क्रमांक अवैध. ५६१ म्हणजे विनंतीची मुदत संपली. ५६२ म्हणजे विनंतीवरील वेळ भविष्यातील आहे. या क्रमांकांसोबत वापरकर्त्याला कोणता संदेश दाखवावा आणि काय करण्यास सांगावे, याच्याही सूचना त्या तपशिलात आहेत.

आता ३०० आणि ५६२ यांतील अंतर पाहावे. शेतात राबणाऱ्यांच्या, विशेषतः वृद्धांच्या बोटांचे ठसे पुसट झालेले असतात. अशा वेळी बोट स्वच्छ करून पुन्हा ठेवणे किंवा दुसरे बोट देणे हा उपाय होऊ शकतो. पण ५६२ मध्ये दोष बोटाचा नसून यंत्रातील घड्याळाचा असतो. ते घड्याळ दुरुस्त होईपर्यंत बोट कितीही वेळा पुसून ठेवले तरी उपयोग नाही. मूळ एपीआयने दोन्ही कारणे वेगळी सांगितली आणि दुकानातील यंत्राने मात्र दोन्ही वेळी ‘प्रमाणीकरण अयशस्वी’ एवढेच दाखविले, तर यंत्राच्या चुकीचा ठपका आजीबाईंच्या बोटावर येतो. चांगले त्रुटी-उत्तर केवळ पाठवून भागत नाही. मधल्या प्रत्येक टप्प्याने ते शाबूत पुढे नेले पाहिजे.

मराठीत सांगताना

संदेश मराठीत देण्यात तांत्रिक अडचण कोणतीही नाही. प्रणालींमधील जेसनची देवाणघेवाण यूटीएफ-८ या पद्धतीने करावी, असे नियमावलीच सांगते; देवनागरी मजकूर त्यात थेट लिहिता येतो. विनंती करणारा ‘ॲक्सेप्ट-लँग्वेज’ या शीर्षकातून आपली पसंतीची भाषा कळवू शकतो. मराठीसाठी त्यात ‘एमआर’ हा संकेत आहे. त्यानुसार ‘टायटल’ आणि ‘डिटेल’ भाषांतरित करावेत. ‘टाइप’ आणि क्रमांक मात्र सर्व भाषांत तेच ठेवावेत. मदतकेंद्रातील माणसाला ग्राहकाची भाषा येत नसली तरी क्रमांकावरून अडचण उमगते.

भाषांतर शब्दाला शब्द नसावे. ‘अवैध इनपुट’ यापेक्षा ‘मोबाइल क्रमांक दहा अंकी असावा’ हे वाक्य उपयोगी. चुकीचा दोष माणसावर टाकणारी, दरडावणारी भाषाही टाळावी. आणखी एक बाब म्हणजे देवनागरी अंक. कोणी ‘१२’ असे देवनागरीत लिहिले, तर पायथन त्याचे संख्येत रूपांतर करू शकते. जावास्क्रिप्टच्या नेहमीच्या पद्धतीत मात्र ती संख्याच मानली जात नाही. मराठी कळफलक वापरणाऱ्याला ‘कृपया अंक लिहा’ असा संदेश दाखविण्यापेक्षा प्रणालीनेच ते अंक रूपांतरित करून घेणे बरे. टाळता येण्याजोगी त्रुटी टाळणे, हाच उत्तम त्रुटी-संदेश.

काय सांगू नये?

स्पष्टतेलाही मर्यादा आहे. डेटाबेसमधील तक्त्यांची नावे, फाइलींचे पत्ते, आज्ञावलीच्या कोणत्या ओळीवर बिघाड झाला हे तपशील बाहेर जाता कामा नयेत. हल्लेखोराला त्यातून वाट सापडते. जँगोमधील ‘डीबग’ ही सोय प्रत्यक्ष वापरातील सर्व्हरवर बंद ठेवावी लागते ती याचसाठी. लॉगिन करताना ‘असा सदस्य नाही’ आणि ‘पासवर्ड चुकीचा’ असे दोन वेगळे संदेश दिल्यास कोणाचे खाते आहे आणि कोणाचे नाही हे परक्यालाही कळते. तेथे एकच संदेश ठेवणे योग्य. वापरकर्त्याला घटनेचा क्रमांक द्यावा आणि तपशील त्याच क्रमांकाने सर्व्हरच्या नोंदवहीत ठेवावा, हा सुवर्णमध्य.

निकालच अज्ञात असेल तर?

सर्वांत कठीण प्रसंग म्हणजे विनंती गेली, पण उत्तर आलेच नाही. काम झाले की नाही, कोणालाच माहीत नाही. अशा वेळी ‘अयशस्वी, पुन्हा प्रयत्न करा’ असे सांगणे धोक्याचे. पैसे दोनदा जाऊ शकतात. ‘निकाल प्रलंबित आहे, पुन्हा पैसे पाठवू नका’ हेच खरे उत्तर. यूपीआयमध्ये खात्यातून रक्कम वजा झाली, पण समोरच्या खात्यात जमा झाली नाही, तर व्यवहाराच्या दुसऱ्या दिवसापर्यंत ती परत व्हावी आणि त्यापुढील विलंबासाठी दररोज १०० रुपये भरपाई मिळावी, असे रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०१९ च्या परिपत्रकात ठरवून दिले आहे. ही माहिती संदेशातच दिली, तर ग्राहकाचा जीव टांगणीला लागत नाही.

उत्तर पाठविण्यापूर्वी तपासा

* चूक कोणाच्या बाजूची आहे, हे पहिल्या अंकावरून कळते का?
* काम फसले असताना २०० क्रमांक तर जात नाही ना?
* कोणत्या रकान्यात काय दुरुस्त करावे, हे लिहिले आहे का?
* पुन्हा प्रयत्न करावा का आणि केव्हा, हे सांगितले आहे का?
* घटनेचा क्रमांक दिला आहे का?
* संदेश वापरकर्त्याच्या भाषेत आहे का?
* अंतर्गत तपशील बाहेर जात नाहीत ना?
* पुढच्या सर्व्हरची त्रुटी-पानेही याच साच्यात आहेत का?

प्रणाली कितीही काळजीपूर्वक बांधली, तरी ती कधीतरी अडणारच. नेटवर्क जाईल, नाव चुकेल, ठसा जुळणार नाही. त्या क्षणी समोरच्या माणसाने थांबावे, दुरुस्ती करावी की दाद मागावी, एवढे कळण्यासाठी दोन स्वच्छ वाक्ये पुरतात. फ्रेमवर्कमध्ये त्यांची जागा राखून ठेवलेली असते. ती भरण्याचे काम मात्र माणसालाच करावे लागते.